लाल शाईने खोडलेला शब्द

सोमवार, ३ तारीख

बोलण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पेशंट दिवसभरात काय बोलली आणि तिला काय हवं होतं, ते घरातल्या कोणीतरी लिहून ठेवा. सुनेने माझ्याकडे पाहिलं. मुलाने छताकडे पाहिलं. असं हे लिहायचं काम चौथी शिकलेल्या बाईच्या गळ्यात पडलं. घरात पदव्या आहेत, पण त्या सकाळी डबा घेऊन कामावर जातात.

पेशंट म्हणजे माझी विहीण, सुनेची आई. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. गेल्या महिन्यात मेंदूत रक्ताची गाठ अडकली, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. घरी एकटी राहत होती, म्हणून दवाखान्यातून तिला इकडेच आणलं, माझ्या खोलीत. माझी खाट भिंतीला सरकली आणि तिची खिडकीपाशी लागली. खिडकी माझी होती. काज-बटण करायला उजेड लागतो. असो.

वाचा गेली म्हटलं तरी सगळी गेली नाही. एक शब्द उरलाय, ‘गेट’. पाणी हवं, गेट. दिवा घालव, गेट. पाठ खाजते, गेट. पहिल्या दिवशी मी दोनदा जिना उतरून खालचं फाटक लावून आले.

मंगळवार, ४ तारीख

सुनेला विचारलं, तुझ्या आईचा हा गेट म्हणजे नक्की काय. म्हणाली, मिळणं. थोड्या वेळाने म्हणाली, आणणंसुद्धा. मुलगा जेवता जेवता म्हणाला, होणं पण, म्हणजे बरं होणं, ओलं होणं. मग दोघांची चढाओढच लागली. समजणं, पोचणं, विकत घेणं, आजार जडणं, उठणं, उतरणं. मी म्हटलं, एकाच गड्याला घरची सगळी कामं लावल्यासारखं दिसतंय, इंग्रजांकडे शब्दांचा तुटवडा होता काय?

मुलगा हसला, सून हसली नाही. म्हणाली, “आई, तिला हा शब्द अजिबात आवडायचा नाही.” शाळेतल्या मुलांच्या निबंधात गेट दिसला की ती लाल शाईने खोडायची आणि वर बारीक अक्षरात नेमका शब्द लिहायची. आळशी माणसाचा शब्द म्हणायची. सून लहान असताना तिने आईला वाढदिवसाचं भेटकार्ड करून दिलं होतं, त्यावरही लाल शाई फिरली होती.

म्हणजे जन्मभर ज्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, तोच एकटा आता सोबतीला राहिलाय. मला हसू आलं. वळून पाहिलं तर दार उघडं होतं आणि विहीणबाई जाग्या होत्या. मी चहा टाकायला गेले.

गुरुवार, ६ तारीख

ह्या बाईशी माझं कधी जमलं नाही, हे इथे लिहून टाकते. लग्नाच्या बोलण्यांत हिने चार माणसांत मला विचारलं होतं, विहीणबाई, तुमचं शिक्षण किती? मी म्हटलं, काज-बटण. त्यानंतर ती माझ्याशी फार सावकाश आणि मोठ्याने बोलायची, जसं काही मला ऐकू येत नाही.

सुनेची रजा संपली. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक केंद्र आहे, तिथे अशी माणसं ठेवून घेतात, नर्सबाया असतात. महिनाअखेर एक खाट रिकामी होतेय. तोवर आई स्वतःला काय हवं ते सांगायला लागली तर ठीक, नाहीतर तिकडे न्यायचं, असं दोघांचं ठरलं. आठवड्यातून एकदा भेटू देतात म्हणे. सून हे सांगताना भांडं घासत होती. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

मी म्हटलं, बरं होईल. तिचीही सोय आणि माझी खिडकी मला परत.

रविवार, ९ तारीख

एक गंमत ध्यानात आली. शब्द एकच आहे, पण चाली वेगळ्या आहेत. पाण्याचा गेट आखूड असतो. संडासाचा गेट घाईचा, शेवट गिळलेला. पांघरुणाचा लांबतो, कारण थंडी वाजत असते. आणि मुलगा टीव्हीचा आवाज वाढवतो तेव्हाचा गेट ऐकला की पूर्वीच्या विद्यार्थ्यांची दया येते.

मला हे लवकर जमलं यात नवल नाही. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडे मी इतकी वर्षं काज-बटण करतेय. मास्तरांच्या तोंडात दिवसभर टाचण्या असतात. बोलायला गेले तर गिळतील. ते फक्त हूं करतात. खडूचा हूं वेगळा, कात्रीचा वेगळा, गिऱ्हाईक मूर्ख आहे त्याचा वेगळा. मी मान वर न करता हवी ती वस्तू त्यांच्या हातात ठेवते. हा धंदाच आहे माझा. इथे टाचण्यांच्या जागी गेट आहे एवढंच.

बुधवार, १२ तारीख

ह्या शब्दाने माझं डोकं खाल्लंय. टपालवाल्याला विचारलं, तो म्हणाला, गेट म्हणजे कामाचा माणूस फोनवर सापडणं. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, एखाद्याकडून गोड बोलून काम करून घेणं, तेही गेट. मी दुपारभर विचार करत बसले की इंग्रज माणसाला कळतं तरी कसं.

मग बटण लावता लावता सुई बोटाला लागली आणि डोक्यात उजेड पडला. सुई लागली. भूक लागली. घराला कडी लागली, मुलाला नोकरी लागली, दिवा लागला, डोळा लागला, पायऱ्या चढून धाप लागली, चहा गोड लागला, इथून दुकानात जायला किती वेळ लागतो. आमचाही एक गडी आहे की घरची सगळी कामं करणारा. आणि मी जन्मभर त्याला राबवतेय, एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही.

मी उठून थेट विहिणीच्या खाटेशी गेले आणि हे सगळं तिला ऐकवलं. म्हटलं, फार तोरा नको तुमच्या इंग्रजीचा, आमचा लागणं तुमच्या गेटच्या तोडीस तोड आहे. शेवटी म्हटलं, “आणि तुम्ही माझ्या कोण लागता? विहीण लागता.”

तिने तोंड उघडलं. अर्धंच हसते ती, डाव्या बाजूने. मग गेट म्हणाली. हा गेट मला नवीन होता, कशाचा ते कळलं नाही. पाणी नको होतं, उशी नको होती. मी सगळं विचारून पाहिलं.

शनिवार, १५ तारीख

आता मला गेटचीही गरज पडत नाही. तिने मान वळवायच्या आत मी पडदा ओढलेला असतो. जीभ ओठावर फिरली की पेला पुढे. सून म्हणाली, “आई, तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं.” मी म्हटलं, वेगळं काही नाही, केंद्राची खाट आधी शोधली असतीस. पण बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

डॉक्टरीणबाईंसाठी लिहायचं तर दिवसभरात ती दोनदाच बोलली. मागच्या आठवड्यात सारखं गेट गेट चालायचं. घरात शांतता आहे.

सोमवार, १७ तारीख

उद्या माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. मुलगा माझ्याबरोबर येईल आणि सून घरी थांबेल. विहिणीला मी काही सांगितलं नाही. सांगून ती काय करणार होती.

बुधवार, १९ तारीख

एका डोळ्याने लिहितेय, ओळी वाकड्या येतील.

काल घरी आलो तर जिन्यातच रडण्याचा आवाज. सून स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली आणि विहीण खाटेवर, कपाळाला टेंगूळ, डाव्या हाताला पट्टी. सुनेने सांगितलं ते असं. सकाळी मी गेल्यापासून आईचं गेट सुरू झालं. पाणी दिलं, भिरकावलं. चहा, नको. पांघरूण, नको. औषध, पंखा, खिडकी, टीव्ही, सगळं झालं. चिडून चिडून लाल झाली. दुपारी सूनबाई जरा कपडे वाळत घालायला गेली, तेवढ्यात ही एकटी खाटेवरून उतरली आणि दाराशी जाऊन पडली.

दाराकडे कशाला निघाली होती कोण जाणे. संडास तर उलट्या बाजूला आहे.

मी खोलीत गेले. तिने माझ्या डोळ्यावरच्या पट्टीकडे बघितलं आणि डावा हात उचलून पट्टीच्या कडेला बोट लावलं. गेट म्हणाली, हळू. मी म्हटलं, हो, कापूस आहे, उद्या काढतील. मग ती झोपली, आणि रात्रभर एकदाही तिने काही मागितलं नाही. दिवसभर थयथयाट केल्यावर माणूस दमणारच.

सून जेवताना म्हणाली, “आई, तिला काय हवंय ते फक्त तुम्हाला कळतं. उद्या तुम्ही आजारी पडलात तर? मी तिची मुलगी आहे आणि मला काही कळत नाही.” मुलगा म्हणाला, केंद्राला होकार कळवू या का. मी ताट उचलून उठले. माझा डोळा दुखत होता.

शुक्रवार, २१ तारीख

आज डॉक्टरीणबाई आल्या. वयाने सुनेपेक्षा लहान, पण चपला काढून ओळीत लावतात, म्हणून मला आवडायच्या. आवडायच्या असं लिहिलंय मी.

त्यांनी विहिणीपुढे चित्रं मांडली. पेला, चष्मा, चप्पल, पलंग. आणि विचारलं, तहान लागली तर काय मागाल? विहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी पेला पुढे केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, तुम्ही थांबा. परत विचारलं, वाचायला काय हवं? विहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही, नुसती चष्म्याच्या चित्राकडे नजर गेली माझी. तिने लगेच बोट ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी चित्रं गोळा केली आणि मला बाहेर गॅलरीत नेलं. मला वाटलं शाबासकी मिळणार. म्हणाल्या, “आजी, तुम्ही त्यांचं बोलणं बंद पाडलंय.”

मी म्हटलं, मी? मी तर त्यांचं बोलणं एकटी समजते.

म्हणाल्या, तेच ना. मागितल्याशिवाय सगळं मिळत असेल तर डोकं शब्द शोधायचे कष्ट कशाला घेईल? शब्द आत आहेत, वाट बुजलीय. चालल्याशिवाय वाट मोकळी होत नाही. आता दहा दिवस तुम्ही काही समजू नका.

मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले नाही.

शनिवार, २२ तारीख

दिवसभर डोकं तापलेलं. उपकाराची फेड बघा. रात्री-अपरात्री उठायचं मी, भांडं द्यायचं मी, आणि वाचा बंद पाडली तीही मीच. उद्यापासून लिहिणार नाही, असं ठरवलं.

रविवार, २३ तारीख

लिहितेय, कारण एक गोष्ट सकाळपासून टोचतेय.

मास्तरांची बायको मागे एकदा हसत म्हणाली होती, तुम्ही कामाला यायच्या आधी आमचे हे खूप बडबडे होते. कात्रीसाठी ओरडायचे, खडू हरवला की शिव्या द्यायचे, मशीन चालवताना गाणी म्हणायचे. तुम्ही आलात आणि यांनी टाचण्या तोंडातून काढायचंच सोडलं. आता घरी पण हूं करतात.

मी तेव्हा हे माझं कौतुक समजले होते. आज आठवलं आणि चहा कडू लागला.

सोमवार, २४ तारीख

आजपासून मी मठ्ठ.

सकाळी तिने आखूड गेट म्हटलं. पाण्याचा. पेला माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता. मी म्हटलं, “काय म्हणालात, विहीणबाई?” तिने परत म्हटलं. मी म्हटलं, कळत नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिचा पेला चोरलाय. मग डावा हात लांबवून स्वतः घेतला, अर्धा सांडला, अर्धा प्यायली.

मला वाटलं होतं मठ्ठ होणं सोपं असेल. जन्मभर माणसं मला तेच समजत आली. पण हात आपोआप पुढे जातो. शेवटी मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखी.

बुधवार, २६ तारीख

घरात युद्ध आहे. आज चहाची बशी भिंतीवर गेली. नेम चांगला आहे, डावा हात असून. मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, “आई, आजारी बाईशी असं वागतात का? तुझं तिच्याशी जमत नाही ते माहितीय मला, पण हे बरं नाही.” मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंना विचार. तो म्हणाला, त्यांनी समजू नका म्हणून सांगितलं, मजा बघा म्हणून नाही.

मी मजा बघत नाही. पण चेहरा आहे तो आहे, त्याला मी काय करू.

सुनेने केंद्रातून माहिती आणवली. सोमवारी डॉक्टरीणबाई येऊन परीक्षा घेणार, मी खोलीत नसताना. त्या संध्याकाळी केंद्राला हो की नाही ते सांगायचं.

आज विहिणीच्या तोंडून शब्द एकच. पण बोटं वापरते आता, पंख्याकडे, दिव्याकडे. हे आधी करत नव्हती. करायची गरजच नव्हती.

गुरुवार, २७ तारीख

दुपारी मी काळा चष्मा शोधत होते. ऑपरेशनपासून उजेडात तोच लावावा लागतो. चष्मा तिच्या उशाशी, खिडकीच्या कट्ट्यावर होता. मी मठ्ठपणाला कंटाळले होते आणि जरा खोडीही काढावीशी वाटली. मी ऐटीत म्हटलं, “विहीणबाई, मी गेट चष्मा. आय गेट. मी जाते अँड गेट.”

तिचं तोंड असं झालं की जणू चहात मीठ पडलंय. तिने डावा हात वर केला, आणि बोटाने हवेत एक आडवी रेघ ओढली. सर्रकन. खोडलं मला. मग त्या रेघेच्या वर, जिथे बारीक अक्षरात नेमका शब्द लिहितात तिथे, बोट थांबलं. ओठ हलले. मानेच्या शिरा ताठ झाल्या. मी पुढे झाले नाही. खरं सांगते, माझे हात मांडीखाली नव्हते, तरी मी पुढे झाले नाही.

“फेच,” ती म्हणाली.

माझ्या हातून बटणांची डबी पडली.

संध्याकाळी सून जिना चढत होती तेव्हाच मी विचारलं, फेच म्हणजे काय गं? ती म्हणाली, जाऊन घेऊन येणं, का? मी म्हटलं, तुझ्या आईने मला दुरुस्त केलं. सून पिशवी घेऊन जिन्यातच बसली.

शनिवार, २९ तारीख

गुपित सापडलंय आणि ते वापरतेय. गोड बोलून काही होत नाही तिच्यापुढे, चूक केली की होतं. परवापासून मी वाक्यावाक्यात गेट घालतेय. मी गेट म्हातारी. सून गेट पगार. पाव गेट कडक. दर वेळी बोट हवेत, सर्रकन रेघ, आणि मग कधी शब्द येतो, कधी नुसता घाम. म्हातारीवर ‘बिकम’ आला. पगारावर आधी ‘रि, रि’ झालं, मग मोठ्या कष्टाने ‘रिसीव्ह’. पावावर काही आलं नाही आणि ती रागाने रडली. मी पाव खाल्ला आणि वाट बघितली. मग आपल्याच भाषेत म्हणाली, “शिळा.”

नेमका शब्द. पाव कडक नव्हताच झाला, शिळा होता.

डॉक्टरीणबाईंना फोनवर सांगितलं. त्या आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, खोडून वर लिहायची सवय हाडात मुरलेली आहे, तीच वाट मोकळी आहे, त्याच वाटेने बाकीचे येतील. पण आजी, हे तुमच्याशी होतंय. दुसऱ्या कोणाकडे मागता आलं पाहिजे. सोमवारी तेच बघायचंय.

मला वाटलं तेवढं काम झालेलं नाही तर.

सोमवार, ३१ तारीख

सकाळी डॉक्टरीणबाई आल्या आणि मला खाली पाठवलं. निघताना विहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत होते.

मास्तरांच्या दुकानात बसले. त्यांनी हूं केलं, मी खडू दिला. त्यांना कात्री हवी होती. परत हूं केलं, मी टेप दिली. तिसऱ्यांदा मी एका गिऱ्हाइकाची बाही त्यांच्या हातात ठेवली. तेव्हा मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीत टोचल्या आणि म्हणाले, “आजी, आज तुमचं चित्त कुठे आहे?” मशीनवरच्या कारागिराने पाय थांबवून वर पाहिलं. मास्तरांचा आवाज त्याने पहिल्यांदाच ऐकला असावा. बरा आहे आवाज, जरा गंजलाय.

मी म्हटलं, वर माझ्या विहिणीची परीक्षा चालू आहे. मास्तर म्हणाले, नापास झाली तर? मी म्हटलं, तर खिडकी माझी. त्यांनी टाचण्या परत तोंडात घातल्या नाहीत.

मग सून खाली आली. शिलाईच्या स्टुलावर बसली आणि तिला बोलता येईना, जशी काही हिचीच वाचा गेली. मी तिच्या हातात एक कापडाची चिंधी दिली, रुमाल जवळ नव्हता. डोळे पुसून तिने सांगितलं. डॉक्टरीणबाई काही न विचारता नुसत्या बसून राहिल्या. ऊन सरकत आईच्या तोंडावर आलं. आई गेट म्हणाली. कोणी उठलं नाही. आईने दाराकडे पाहिलं, बराच वेळ. दारात कोणी नव्हतं. मग तिने सुनेकडे मान वळवली आणि म्हणाली, “पडदा.” आणि थोड्या वेळाने, “ओढ.” सुनेने पडदा ओढला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठे दुखतं? तिने कपाळाच्या टेंगळावर हात ठेवला आणि म्हणाली, “इथे.” शेवटी पाणीही मागितलं, पाणी म्हणून.

“मला कळलं, आई,” सून म्हणाली. “तिने मला सांगितलं आणि मला कळलं.”

केंद्राला नाही म्हणून कळवलं. डॉक्टरीणबाई जाताना मला म्हणाल्या, अजून पुष्कळ बाकी आहे, महिने लागतील. मी म्हटलं, लागू द्या. आज त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले.

रविवार, ६ तारीख

नवा महिना लागला. विहिणीचे शब्द वाढताहेत. सुनेशी, मुलाशी, टपालवाल्याशीसुद्धा. काल तिने मुलाला “आवाज कमी” असं सांगितलं आणि त्याने टीव्ही बंदच केला. सकाळी ती सुनेकडे पांघरूण मागत होती, मी सवयीने उठलेच होते, तेवढ्यात सुनेने आणलं. मी परत बसले. बरंच झालं, दोन सदऱ्यांची काजं जास्त झाली.

मुलाने विचारलं, आता तुझी खाट खिडकीशी लावू का? मी म्हटलं, राहू दे. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला तिथलं ऊन सहन होत नाही. तो म्हणाला, डॉक्टर तर म्हणाले डोळा ठीक आहे. मी म्हटलं, डोळा त्यांचा की माझा?

एक तक्रार मात्र आहे आणि ती मी फोन करून डॉक्टरीणबाईंना सांगितली. सगळ्यांशी ती नीट शब्द बोलते. मला मात्र अजून गेट. पाणी, गेट. उशी, गेट. दुपारी मी बटणं लावत असते आणि ती नुसतीच बघत असते, तेव्हाही मधूनच एक गेट, तोच, बारा तारखेचा, ज्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. मेहनत मी घेतली आणि मलाच तो खोडलेला शब्द. डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, असू दे आजी, एवढी एक सूट त्यांना द्या. कसली सूट? आळस आहे हा निव्वळ, तिनेच जन्मभर मुलांना सांगितलेला.

आताही म्हणाली. आखूड, पाण्याचा. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि सुईत दोरा ओवत बसले. ती थांबली. मीही थांबले. तिने परत म्हटलं नाही, रागावलीही नाही, बशीकडे हातही नेला नाही. नुसती अर्ध्या तोंडाने हसत वाट बघत राहिली, जशी काही मी उठणारच आहे.

दोरा ओवला गेला. पाणी देऊन येते.